आयएसएल प्लेऑफ: एका सामन्याचा नॉकआउट की दोन लेगची उपांत्य फेरी?

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये 2024-25 हंगामापर्यंत तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ एकाच सामन्यात निकाल लावत. थरार भरपूर, पण 2023 मध्ये बेंगळुरूत, बेंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने अतिरिक्त वेळेत झटपट फ्री किकवर गोल केला आणि केरळा ब्लास्टर्स निषेध म्हणून मैदान सोडून गेले. हंगाम तिथेच आटोपला, परतफेडीची संधीच नाही.

मला उपांत्य फेरीतले दोन लेगच भावतात: एक सामना घरी, एक बाहेर, आणि निकाल एकूण गोलांवर. एप्रिल 2025 मध्ये एफसी गोवा बेंगळुरूत बेंगळुरू एफसीकडून 0-2 हरून घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला परतला. तिथे गोव्याच्या बोर्हा हेरेराचा गोल, मग 88व्या मिनिटाला सादिकूचा: एकूण 2-2, बरोबरी! भरपाई वेळेत छेत्रीचं हेडर, एकूण 3-2 ने बेंगळुरू पुढे. गोव्याचं काळीज फाटलं, पण झुंज मात्र पुरेपूर देता आली. घरच्या प्रेक्षकांसमोर, पिछाडीवरून. एका सामन्यात हे कुठून येणार?