मुठीच्या आत काय आहे ते बघा: प्रसिद्ध चेहऱ्याच्या नावावर विकले जाणारे चाकू

रानावनात वापरायचा चाकू तुटतो तो बहुतेक वेळा एकाच जागी, पातं संपून मूठ सुरू होते तिथे. पात्याच्या पाठीवर लाकडाचा ठोकळा मारून जळण फोडत असताना ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, मूठ हातात राहते आणि पातं लाकडात अडकून बसतं. नशीब चांगलं असेल तर लाकडातच राहतं. नाहीतर जोर लावलेला हात तसाच पुढे जातो आणि थेट धारेवर पडतो. बोटांच्या शिरा तुटण्याइतकी खोल जखम अशीच होते, आणि ती होते तेव्हा दवाखाना जवळपास नसतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत. चाकू घेताना झालेली फसवणूक पैशांवर थांबत नाही.

असाच तुटलेला एक चाकू मूठ उभी चिरून पाहिला. खोक्यावर टीव्हीवरच्या साहसवीराचा फोटो, पात्यावर त्याची सही. पात्याचा मुठीत शिरणारा भाग म्हणजे टँग, आणि तो अख्ख्या मुठीएवढा असेल तर फुल टँग. ‘फुल टँग’ असं खोक्यावर कुठेही छापलेलं नाही, पण रबरी मुठीच्या मागच्या टोकाला धातूची टोपी दिसते. त्यामुळे पोलाद या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार गेलंय, अशी घेणाऱ्याची समजूत होते. रबर सोलल्यावर आतून निघाली जेमतेम पाच सेंटिमीटर लांब आणि बोटभरही रुंद नसलेली पट्टी. मागची टोपी हा वेगळाच तुकडा, प्लास्टिकमध्ये खुपसलेला. पात्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पट्टीचे दोन्ही खांदे, म्हणजे पातं अरुंद होऊन पट्टी सुरू होते ते कोपरे, काटकोनात कापलेले, कोपऱ्यात गोलाई अजिबात नाही, आणि तडा नेमका त्या कोपऱ्यातून सुरू झालेला.

तुटलेलं तोंड उजेडात धरलं की बरंच काही कळतं. या चाकूत एका कडेला तपकिरी पट्टा होता. म्हणजे तडा आधीच गेला होता, त्यात ओल शिरून गंज चढला होता, आणि चाकू त्याच अवस्थेत वापरला जात होता. उरलेला भाग ताजा, करडा. तो शेवटच्या घावाला तुटलेला. त्यातले दाणे भरड, साखरेसारखे चमकणारे. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून आणि विझवून कडक करताना, ते गरजेपेक्षा जास्त तापवलं की दाणा असा मोठा होतो आणि पातं ठिसूळ बनतं. नीट पाणी दिलेल्या पोलादाचं तोंड बारीक दाण्याचं, मखमली करडं दिसतं. म्हणजे दोष एक नव्हता, तीन होते: टँग आखूड, कोपरा तीक्ष्ण आणि पाणी चुकलेलं. तिन्ही अशा जागी, जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही.

घेणाऱ्याने वॉरंटी मागितली. ‘आजीवन’ असं खोक्यावर ठळक अक्षरांत होतं. उत्तर आलं की ठोकणं, उचकटणं आणि फेकणं हा गैरवापर आहे, माहितीपत्रकात तसं नमूद आहे. माहितीपत्रकात ते होतं, बारीक टायपात. पण जाहिरातीच्या व्हिडिओत तोच साहसवीर त्याच चाकूच्या पाठीवर ठोकळा मारून ओंडका फोडताना दिसतो. जे काम दाखवून माल खपवायचा, तेच काम केल्यावर जबाबदारी झटकायची, ही सरळसरळ लबाडी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत एका टीव्ही साहसवीराच्या नावाने विकले जाणारे कोयत्याच्या जातीचे पारंग बाजारातून परत मागवावे लागले होते. कारण हेच, मुठीजवळ पातं कमकुवत होऊन तुटण्याचा धोका.

हे असं का होतं ते समजून घ्या. प्रसिद्ध माणसाचं नाव आणि सही वापरायचा करार होतो आणि त्याबद्दलचा मोबदला चाकूच्या किमतीत बसवला जातो. जाहिरात, चकचकीत खोकं, शिट्टी, चकमक, छापील पुस्तिका हा खर्चही त्यातच. दुकानातली किंमत तर स्पर्धेबाहेर जाऊन चालत नाही. मग कात्री लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना: पोलादाचा दर्जा, पाणी देण्यासाठी भट्टीत द्यायचा वेळ, टँगची लांबी. कित्येकदा तोच चाकू त्याच कारखान्यातून सहीशिवाय, दुसऱ्या नावाने आणि कमी किमतीत निघतो. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून रिव्हेटची जागा, पात्यावरच्या खाचा आणि म्यानाची शिवण ताडून पाहा. एकाच साच्यातले असतील तर लगेच ओळखू येतात.

पोलादाबद्दल सगळ्यात जास्त धूळफेक होते. ‘सर्जिकल स्टील’, ‘हाय कार्बन स्टेनलेस’, ‘मिलिटरी ग्रेड’ ही कोणत्याही दर्जाची नावं नाहीत. नुसतं ‘४४०’ लिहिलेलंही पुरेसं नाही. ४४०-ए मध्ये कार्बन साधारण ०.६० ते ०.७५ टक्के असतो, ४४०-सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. शेवटचं अक्षर गाळलेलं असेल तर हलकंच पोलाद आहे असं धरून चाला. त्याहून खालचं ४२०-जे२. गंज फारसा धरत नाही, पण कार्बन इतका कमी की रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर पन्नाशीच्या थोडं पुढे जाऊन थांबतं. अशा पात्याची धार दोन-चार काठ्या तासल्या की वळते. कामाच्या चाकूला ५६ ते ५९ हा पल्ला लागतो. साधं कार्बन पोलाद १०९५ किंवा स्वीडिश स्टेनलेस १२सी२७ यांना नीट पाणी दिलं की ती तिथे आरामात पोचतात. लोहचुंबक लावून मात्र काही कळत नाही. चाकूचं पाणी दिलेलं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं, हलकंही आणि भारीही.

नाव चांगलं असूनही पाणी वाईट असू शकतं, हे विसरू नका. १०९५ साधारण ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात, म्हणजे टेंपर करतात, शक्यतो दोनदा. हे दुसरं भाजणं उरकून टाकलं तर कडकपणा कागदावर भरपूर दिसतो, पण पहिल्या आडव्या धक्क्याला पातं तुटतं. जास्त भाजलं तर धार टिकत नाही. म्हणून विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारा: पोलादाचं पूर्ण नाव आणि रॉकवेल कडकपणा. जो बनवणारा आपल्या कामाची जबाबदारी घेतो, तो हे आकडे पात्यावर, खोक्यावर किंवा माहितीपत्रकात स्वतःहून देतो. ‘उत्तम प्रतीचं आहे साहेब’ एवढंच उत्तर आलं तर तिथून निघा.

फुल टँग हा शब्दही आता विक्रीचं हत्यार झालाय, त्यामुळे तो नीट तपासावा लागतो. खरा फुल टँग म्हणजे मुठीच्या दोन पाट्यांच्या मधून पोलादाची कड वर, खाली आणि मागे, तिन्ही बाजूंनी दिसली पाहिजे. रबराने पूर्ण मढवलेल्या मुठीत तो दिसत नाही, आणि नेमक्या अशाच मुठी सहीच्या चाकूंना जास्त असतात. पण टँग झाकलेला आहे म्हणून चाकू वाईटच, असंही नाही. स्वीडनच्या मोरा चाकूंचं साधं पातं जेमतेम अडीच मिलिमीटर जाड असतं आणि टँग मुठीत लपलेला असतो, तरी तासणं, सोलणं, कापणं यांत ते भल्याभल्यांना मागे टाकतात. अमेरिकी मरीन सैनिकांसाठी १९४२ मध्ये स्वीकारलेला केए-बार चाकू चामड्याच्या चकत्यांच्या मुठीचा. त्याचा अरुंद टँग मात्र मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोपीत खिळीने पक्का केलेला असतो. फरक आहे तो टँग किती लांब गेलाय, खांद्याला गोलाई आहे का आणि पाणी कसं दिलंय यात. फिनलंडचे पुक्को चाकूही लपलेल्या टँगचेच, आणि रोजच्या कामाचे.

पोकळ मुठीच्या चाकूपासून मात्र दूरच राहा. १९८२ मधल्या एका हॉलिवूडपटानंतर त्यांची लाट आली: मुठीत गळ, काडेपेटीतल्या काड्या, दोरा, आणि टोपीवर होकायंत्र. स्वस्त नकलांमध्ये नळीच्या तोंडाशी पात्याचं बोटभर टोक नटाने किंवा चिकटद्रव्याने बसवलेलं असतं. सगळा भार तेवढ्यावर. होकायंत्रही पोलादाच्या इतकं जवळ असतं की सुईवर भरवसा ठेवता येत नाही.

पाठीवरची करवतही तशीच. खऱ्या करवतीचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवलेले असतात, म्हणून खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत अडकत नाही. चाकूच्या पाठीवर नुसत्या खाचा कोरलेल्या असतात. लाकडात अर्धा सेंटिमीटर गेल्या की रुतून बसतात. वरून ठोकताना त्या ठोकळा कुरतडतात आणि प्रत्येक खाचेचा तळ तड्याला आयती सुरुवात देतो. मुठीलगतचे दातेरी पातेही घेऊ नका. तासताना सगळ्यात जास्त जोर लागतो तो नेमका तिथे, आणि तिथेच सरळ धार नसते. शिवाय दातेरी भागाला साध्या दगडावर धार लावता येत नाही.

जाडीचा मोह टाळा. सहा मिलिमीटरचं पातं हातात भारदस्त वाटतं, पण ते कापत नाही, फाकवतं. पाठीला तीन ते चार मिलिमीटर आणि लांबी दहा ते बारा सेंटिमीटर एवढ्यात जवळपास सगळी कामं होतात. पाठीची कड काटकोनी आणि रंग न चढवलेली हवी, तरच फेरो रॉडवर, म्हणजे चकमकीच्या कांडीवर, ठिणगी पडते. काळा मुलामा पाठीवरही चढवलेला असेल तर सोबत दिलेली चकमक निरुपयोगी ठरते. खोक्यातली ती चकमक आणि शिट्टी नुसती भर घालण्यासाठी आहे, तिच्या मोहात पडू नका.

चाकू घरी आला की परत करायची मुदत चालू असतानाच तपासा. आधी फोटो काढून ठेवा. मूठ घट्ट धरून दुसऱ्या हातात जाड कापड घ्या, पातं पाठीकडून पकडा आणि हलकेच पिळून पाहा. जराही किरकिर किंवा हालचाल जाणवली तर परत. पाठीवर लाकडी दांडीने टकटक करा. ठोस आवाज यायला हवा. खुळखुळला तर आत काहीतरी सैल आहे. मग पितळेच्या सळईची चाचणी. साधारण सहा मिलिमीटर जाडीची सळई शिकंजात आडवी धरा, धार तिच्यावर वीस अंशांच्या आसपास टेकवा आणि बेताचा जोर देऊन सळईवरून हळू सरकवा. उजेडात बघितलं तर सळईवर टेकलेली धार किंचित वाकताना दिसते. पुढे सरकल्यावर ती सरळ झाली, तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली, तर पातं मऊ. बारीक कपचा निघाला, तर ठिसूळ. चाचणीआधी धार नीट लावलेली असावी, कारण कारखान्यात यंत्रावर जळालेली धार कधीकधी चांगल्या पात्यालाही नापास ठरवते. मात्र पात्यावर खूण उठली तर माल परत घ्यायला विक्रेता तयार होईलच असं नाही, म्हणून पिळण्याची आणि टकटक करण्याची तपासणी आधी उरका.

म्यान उलटं धरून झटका. चाकू बाहेर पडला तर ते म्यान कमरेला लावायच्या लायकीचं नाही. नुसत्या नायलॉनच्या म्यानात आत कडक प्लास्टिकचं अस्तर आहे का, बोट न घालता टॉर्चने बघा. अस्तर नसेल तर टोक शिवणीतून बाहेर येऊन मांडीत घुसतं. बटणाचा पट्टा धारेच्या वाटेत येत असेल तर चाकू काढता-ठेवताना तो कापला जातो.

असा सहीचा चाकू आधीच घरात असेल आणि टाकवत नसेल, तर निदान खांदा तपासा. पातं-मुठीच्या जोडावर रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पुडीवर ओली, गडद रेघ उमटते. ती केसाएवढी दिसली तरी चाकू बाद करा, दुसऱ्याला देऊ नका. रेघ नसली तरी मुठीच्या आतलं दिसत नाही, म्हणून त्या चाकूने दोरी, कापड, भाजी एवढंच कापा. ठोकायचं आणि उचकटायचं काम त्याला देऊ नका. जळण फोडायला छोटी कुऱ्हाड सोबत ठेवा. तुटलेलाच असेल तर दोन्ही तुकडे, खोकं आणि माहितीपत्रक जपून ठेवा, ठोकतानाची जाहिरात उतरवून घ्या आणि तुटलेल्या तोंडाला तेल लावून फोटो येईपर्यंत गंजू देऊ नका. ते गंजलं की तडा जुना होता की नवा, हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही, आणि तक्रारीतला तुमचा सगळ्यात मजबूत पुरावा तोच असतो.