पॅकेजमध्ये ईमेल: वाकडा लिहायचा, नोरिप्लाय द्यायचा की वेगळाच काढायचा?

पायपीआयवर, म्हणजे पायथनची तयार कोड-पॅकेजं जिथं ठेवतात त्या साइटवर, काही टाकताना ऑथर ईमेलच्या रकान्यात आलं की हात अडतोच, कारण तो ईमेल सगळ्यांले दिसतो, स्पॅमवाल्यांलेही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात बसून कापसाची मापं बदलायचं छोटं पॅकेज टाकलं, क्विंटल, खंडी, गाठ वगैरे, आणि तिन्ही करून पाहिलं.

वाकडा, म्हणजे अक्षरात "ॲट" "डॉट" लिहायचं, रीडमीत (पॅकेजच्या माहितीपानात) चालते, पण मेटाडेटात, म्हणजे नाव-ईमेलच्या ठरीव रकान्यांत, टाकलं की अपलोडच नाकारते, नीट ईमेल द्या म्हणते. तसंही बॉटले ते ओळखणं काय जड आहे?

नोरिप्लाय, म्हणजे गिटहब (कोड ठेवायची साइट) खरा ईमेल लपवायले देते तो. कमिटसाठी (कोडमधल्या बदलाच्या नोंदीसाठी) अजूनही तोच वापरतो, कारण कमिटच्या लिंकपुढं डॉट पॅच लावलं की कोणाचाही ईमेल उघडा पडतो. पॅकेजमध्येही तोच ठोकला, वर्षभर एकदम शांतता, मीच खुश. मग दिवाळीनंतर जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा पोरगा स्टँडवर भेटला. "भाऊ, तुमाले तीन मेल केले, काहून उत्तर देत नाही?" त्या ईमेलवर टाकलेलं पोचतच नाही हे त्याले काय माहीत. मी खंडी ३५० किलोची धरून बसलो होतो, हवी ३५६ ची. शंभर खंडीत सहा क्विंटल गायब, बापा! गिटहबवर इश्यू (तक्रार) टाकायचा ना, असं कोणी म्हणेल, पण त्याचं तिथं खातंच नाही.

म्हणून आता फक्त पॅकेजसाठी वेगळा ईमेल काढलाय. एसइओवाले (साइट गुगलवर वर आणतो म्हणणारे) आठवड्याला चार-पाच येतात, येऊ द्या. पण पायपीआयचं लॉगिन दुसऱ्याच ईमेलवर ठेवलंय, आणि २०२५ च्या जुलैत पायपीआयच्या नावानं खोटे मेल फिरले तेव्हा, डोमेनमध्ये pypi च्या शेवटच्या "i" च्या जागी "j" होता, घाईत कोणाच्या लक्षात येते, मले तो या पॅकेजवाल्या ईमेलवर आला. लॉगिन तर त्यावर नाहीच, मग तपासायचं काय, सरळ डिलीट.

आपल्याच ईमेलच्या नावापुढं प्लस आणि एखादा शब्द लावूनही भागत असेल तुमचं, पण प्लसमागचं खोडलं की मूळ ईमेल हातात येतो, मले ते पटलं नाही. काहीच न देता नुसतं नाव टाकलं तरी चालते म्हणा. फक्त पहिल्या रिलीजआधी ठरवा, एकदा चढलेल्या व्हर्जनचा मेटाडेटा बदलता येत नाही, माझ्या जुन्या व्हर्जनांत तो नोरिप्लाय अजून तसाच आहे.

त्या पोराचा परवा मेल आला, आता मणाचं विचारतोय.