द फॉल : नुसता देखणा म्हणून सोडून देऊ नका

दिग्दर्शक तरसेम सिंगचा 'द फॉल' हा पिक्चर चार जणांत बसून बघितला की दोन पार्ट्या पडतात म्हणजे पडतातच. आमच्याकडेही पडल्या. कर्वेनगरला एका मित्राच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बघितला, पंखा चालू ठेवला की पडदा हलायचा आणि बंद केला की घामाच्या धारा, तरी दोन तास कोणी उठलं नाही. उठलं नाही म्हणजे आवडला असं मात्र नाही हं. मित्र स्वतः जाहिरातींचं एडिटिंग करतो, त्याचं मत दहाव्या मिनिटालाच ठरलेलं होतं, की हा पिक्चर नाहीये, दोन तासांची शोरील आहे (म्हणजे काम मिळवायला आपले देखणे तुकडे जोडून दाखवतात ती), एकेक फ्रेम काढून कॅलेंडर छापा आणि मोकळे व्हा. त्याची आई, म्हणजे काकू, सुरुवातीला नुसत्या चहाचे कप उचलायला आल्या होत्या त्या शेवटपर्यंत बसल्या.

हे भांडण काही नवीन नाही. पिक्चर 2006 ला टोरंटोच्या फेस्टिव्हलला पहिल्यांदा दाखवला, थिएटरला लागायला 2008 उजाडलं, ते पण डेव्हिड फिंचर आणि स्पाइक जोन्झ या नावाजलेल्या दिग्दर्शकांनी आपली नावं पोस्टरवर दिली तेव्हा. समीक्षक सरळ दुभंगले. अमेरिकेतला नावाजलेला समीक्षक रॉजर एबर्टने चारपैकी चार स्टार दिले आणि बाकी बऱ्याच जणांनी दिसायला अप्रतिम पण आत काही नाही असं म्हणून निकालात काढला. नंतर बरीच वर्षं तर धड कुठे बघायलाच मिळत नव्हता, ज्याच्याकडे जुनी डीव्हीडी तो राजा. 2024 मध्ये मुबी या स्ट्रीमिंगवाल्यांनी 4के मध्ये नव्याने साफसूफ करून आणला आणि सगळं भांडण परत सुरू झालं, फक्त आता भांडणारी पोरं वेगळी.

गोष्ट थोडक्यात. 1910-20 च्या मधला काळ, लॉस एंजेलिसजवळचं एक हॉस्पिटल. रॉय हा मूकपटातला स्टंटमन, पुलावरून उडी मारायच्या स्टंटमध्ये पडलाय, पाय लुळे पडलेत आणि प्रेयसी हिरोबरोबर गेली आहे. अलेक्झांड्रिया ही रोमानियाहून आलेल्या कुटुंबातली चिमुरडी, संत्री तोडताना पडून हात मोडलाय, प्लास्टरमधला हात हवेत तसाच धरून वॉर्डभर हिंडत असते. रॉय तिला एक भलीमोठी गोष्ट सांगायला लागतो, एका दुष्ट गव्हर्नरचा सूड घ्यायला निघालेल्या पाचसहा वीरांची. आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबतो, कारण त्याला तिच्याकडून मॉर्फिनच्या गोळ्या चोरून आणून हव्यात. कशासाठी ते आपल्याला कळतं, तिला कळत नाही. गोळ्यांच्या बाटलीचा एक प्रसंग आहे, पोरीला धड वाचता येत नाही म्हणून नावातलं शेवटचं इंग्रजी अक्षर तिला तीनचा आकडा वाटतो, आणि ती प्रामाणिकपणे तीनच गोळ्या ठेवून बाकीच्या फेकून देते. हसू येतं आणि लगेच पोटात गोळा पण येतो. ज्यांना या पिक्चरला आत काहीच नाही असं वाटतं त्यांनी तेव्हा मोबाइल बघितला असणार असा माझा संशय आहे.

आता मुद्द्याचं. गोष्ट सांगतोय रॉय, पण पडद्यावर आपण जे बघतोय ते अलेक्झांड्रियाच्या डोक्यातलं आहे. एवढं एक लक्षात घेतलं ना की अर्ध्याहून जास्त तक्रारी आपोआप गळून पडतात. रॉय गोष्टीत एक इंडियन आणतो, त्याला म्हणायचा असतो अमेरिकेतला आदिवासी, झोपडी बिपडी तसलीच सांगतो, आणि पडद्यावर येतो चक्क फेट्यातला, दाढीवाला, आपल्या इकडचा इंडियन! कारण पोरगी ज्या बागेत संत्री तोडते तिथे तिच्याबरोबर काम करणारा माणूस तसा आहे. आणि हे काही उगाच घुसवलेलं नाहीये, त्या काळात पंजाबातून गेलेले बरेच लोक कॅलिफोर्नियात शेतांवर राबत होते. चिऊचं घर मेणाचं ऐकताना आपल्या डोक्यात नाही का आपल्याच गल्लीतलं कुठलंतरी घर यायचं, तसं. हॉस्पिटलमधला बर्फवाला, नर्स, एक्सरे काढणारा, सगळे या ना त्या वेषात गोष्टीत येऊन जातात. त्यामुळे वीरांची पात्रं पुठ्ठ्याची वाटतात हे खरंच आहे, पण पाचसहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात ती तशीच असणार ना, तिला कुठे त्यांच्या मानसिक जडणघडणीशी देणंघेणं आहे.

मला सगळ्यात जास्त मजा आली ती जागा ओळखण्यात, आणि इथे आपला प्रेक्षक आणि अमेरिकेतला प्रेक्षक यांचा पिक्चरच वेगळा होतो. तिकडच्या माणसाला ते सगळं दुसऱ्या ग्रहावरचं वाटत असणार. इकडे काकू, पडद्यावर ते दगडी जिने दिसल्या दिसल्या, "अगं बाई, हे तर जयपूर, जंतरमंतर! इथे आमच्या गाइडने सावलीवरून टाइम सांगितला होता!" आणि मग पाच मिनिटं राजस्थान टूर, कोणाला ऊन लागलं, कोणाची चप्पल तुटली वगैरे. गंमत म्हणजे त्याच प्रसंगात इंडियनची बायको त्या जिन्यांच्या भूलभुलैयात अडकलीये, बाहेर पडायला वाट नाही. तिथलं मोठं सूर्यघड्याळ म्हणजे सम्राट यंत्र, त्याचा जिना वर आकाशात जातो आणि संपतो, हे आपण फोटोत हजारदा बघितलंय, पण तो जिना कुठेच जात नाही हे भयंकर आहे असं काही आपल्याला कधी वाटलं नव्हतं. काकू टूरबद्दल बोलता बोलता गप्प झाल्या ते तिथेच.

चांद बावडीचंही तेच. आभानेरीची ती विहीर, तेरा मजले खोल, साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, आणि त्या त्रिकोणी त्रिकोणी पायऱ्यांवर काळ्या पोशाखातले सैनिक. मग फतेहपूर सिक्री आहे, ताजमहाल आहे, आणि किल्ल्यावरून दिसणारं जोधपूर आहे. जोधपूरची घरं पडद्यावर इतकी निळीशार दिसतात की हा कॉम्प्युटरवर केलेला रंग असणार असं मित्र पैजेवर म्हणाला. तर नाही. तरसेमच्या लोकांनी तिथे निळा रंग वाटला आणि लोकांनी आपापली घरं रंगवून घेतली. आपल्याकडे असा फुकट रंग निवडणुकीच्या आधीच मिळतो, तो पण फक्त कंपाउंडच्या भिंतीला.

वाईच्या घाटाला बिहार म्हणून खपवलेलं आपण 'गंगाजल'मध्ये बघितलंय, त्यामुळे जागा एक आणि नाव दुसरं याचं पुणेकराला काही विशेष नाही. फरक असा की तिथे जागा लपवायची असते आणि इथे तरसेम काहीच लपवत नाही. वीसेक देश, चारएक वर्षं, जाहिरातींच्या शूटला जिथे जाईल तिथे आपल्या पिक्चरचं पण थोडं थोडं उरकायचं, पैसा बराचसा स्वतःच्या खिशातला. नामिबियाचं वाळवंट, बाली, आणि अंदमानचा तो समुद्रात पोहणारा हत्ती. तो हत्ती खरा आहे बरं का, राजन नाव होतं त्याचं, हॅवलॉक बेटावर असायचा, 2016 मध्ये गेला. पाण्याखालून घेतलेला तो शॉट, वर हत्तीचं पोट आणि चार पाय सावकाश हलतायत, त्यासाठी मी तरी पूर्ण पिक्चर परत बघेन.

कपडे एको इशिओकाचे. ड्रॅक्युलाच्या पिक्चरसाठी ऑस्कर मिळालेली बाई. इथे तिने चार्ल्स डार्विनला (हो, वीरांमध्ये डार्विन पण आहे, आणि त्याच्या माकडाचं नाव वॉलेस, डार्विनसारखाच उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचं, ज्यांना माहितीये ते हसतील) फुलपाखराच्या पंखांसारखा एक केसाळ कोट दिलाय, तो वाळवंटात बघून उकडायला लागतं पण नजर हटत नाही.

बरं, आता तक्रारी, कारण आंधळं कौतुक मला पण जमत नाही. मधला भाग रेंगाळतो. एकेका वीराची सूडकथा सांगायची म्हणून सांगितलीये, लुइजी नावाचा बॉम्बवाला काढून टाकला असता तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. गोष्टीतली राजकन्या एव्हलिन नुसती उभी आहे, सुंदर कपड्यात. आणि एक खटकणारी गोष्ट, बालीचे लोक, आपले लोक, सगळे मागे उभे राहायला किंवा नाचायला, तोंड उघडून बोलणारा त्यातला जवळजवळ कोणी नाही. दिग्दर्शक जालंधरचा म्हणून याला माफी नाही. जाहिरातवाल्याची सवय आहे ती, जागा सुंदर दिसली की माणसं हलवायची. मित्राशी माझं एवढ्याच मुद्द्यावर जमलं.

पण मग हॉस्पिटलचे सीन येतात आणि मित्राची शोरील वाली थिअरी तिथेच आपटते, कारण तिथे दाखवायला काहीच नाहीये, एक खाट, एक पडदा आणि दोन माणसं. अलेक्झांड्रिया झालेली कॅटिंका उंतारू ही पोरगी अभिनय करतच नाहीये. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, बरेच संवाद जागच्या जागी झालेत, खाटेच्या पडद्याला भोकं पाडून त्यातून शूट केलंय म्हणजे तिला कॅमेरा दिसायलाच नको. रॉय झालेल्या ली पेसला खरंच चालता येत नाही असं सेटवरच्या जवळजवळ सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरीला पण. त्यामुळे ती मधेच अडते, भलतंच ऐकते, त्याचं बोलणं तोडून तिसरंच विचारते, आणि तो पण हसून सांभाळून घेतो, हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकवून येत नाही. आपल्याकडे बालकलाकार म्हणजे मोठ्या माणसाचे डायलॉग पाठ करून डोळे मिचकावणारं पोर, त्या सवयीनंतर हे बघून बरं वाटतं.

आणि शेवटचा अर्धा तास. कोणाचं काय होतं ते सांगत नाही, पण रॉय इतका खचलेला असतो की गोष्टीतल्या वीरांना एकेक करून मारायला लागतो, आणि पोरगी रडत भांडते त्याच्याशी, की गोष्ट माझी पण आहे, तू सगळ्यांना का मारतोयस. तोपर्यंत जे नुसते रंगीत पुतळे वाटत होते त्यांचं काय होणार याची आपल्याला अचानक धाकधूक लागते. इतका वेळ दिखाऊ वाटणारा पिक्चर इथे वसूल होतो, पण त्याआधीच ज्यांनी हात वर केलेत त्यांना तो मिळत नाही, आणि त्यात त्यांचीच चूक आहे असंही नाही, तरसेमने फार वाट बघायला लावलीये हे मी पण म्हणेन. मित्र शेवटपर्यंत दोनच स्टारवर अडून बसला. माझे पाचपैकी चार, मधल्या भागाचा एक कापून.

बघणार असाल तर मोबाइलवर प्लीज नको, निदान टीव्ही तरी असू द्या, प्रोजेक्टर मिळाला तर उत्तमच. सबटायटल लावा, पोरगी फार पुटपुटते. सुरुवातीचा तो काळापांढरा स्लो मोशनचा तुकडा, पूल, ट्रेन, नदीतून दोरीने वर ओढलेला घोडा आणि मागे बीथोव्हेनची सातवी सिम्फनी, तो कितीही हळू वाटला तरी पुढे ढकलू नका, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. परीकथा म्हणून घरातल्या लहान मुलांना मात्र घेऊन बसू नका, रक्त आहे, आणि रॉयला गोळ्या कशाला हव्यात हा प्रश्न सातवीआठवीतलं पोर हमखास विचारणार.