वेगांच्या बेरजेला वाहिलेले दोन रविवार

नांदेडमधील एका खासगी शिकवणीने सापेक्षतावादावर घेतलेल्या दोन रविवारांच्या अभ्यासवर्गाला मी बारावीतल्या भाचीसोबत बसलो. शुल्क प्रत्येकी 600 रुपये होते. प्रकाशवेगाच्या जवळचे दोन वेग सरळ बेरजेने का जुळत नाहीत, एवढ्या एकाच प्रश्नाला आठ तास दिले होते, आणि हाच मला या वर्गाचा सर्वांत मोठा गुण वाटला.

सरांनी सुरुवात रेल्वेपासून केली. परभणीकडे ताशी 100 किलोमीटर वेगाने निघालेल्या गाडीत कोणी इंजिनाच्या दिशेने ताशी 5 किलोमीटर वेगाने चालत असेल, तर फलाटावरून त्याचा वेग आपण 105 धरतो. प्रत्यक्षात तो किंचित कमी असतो. इतका किंचित, की तासाभरात पडणारा फरक एका अणूच्या व्यासाएवढाही भरत नाही. मग दोन्ही वेग प्रकाशवेगाच्या 0.75 पट धरले. सरळ बेरीज 1.5 येते, पण तिला एक अधिक दोन्ही वेगांचा गुणाकार, म्हणजे 1.5625 ने भागावे लागते आणि उत्तर 0.96 मिळते. एक वेग प्रकाशाचाच घेतला, तर दुसरा कितीही असला तरी उत्तर 1 च येते.

हा भागाकार आला कुठून, हे त्यांनी ज्या रीतीने उलगडले त्यासाठी मी पुन्हाही शुल्क भरेन. चालणाऱ्याचा वेग डब्यातल्या पट्टीने आणि घड्याळाने मोजलेला, तर गाडीचा वेग फलाटावरच्या पट्टीने आणि घड्याळाने मोजलेला असतो. दोन गावांच्या पायल्या लहानमोठ्या असतील, तर त्यांनी मोजलेली ज्वारी नुसते आकडे मिळवून सांगता येत नाही, तसेच हे आहे. "मामा, म्हणजे बेरीज करताना दोघांचा तास एकच आहे असं आपण न विचारताच धरतो," असे भाची हळूच म्हणाली, तेव्हा वर्गाचे काम झाले होते. घड्याळे मंद होतात एवढे सांगून सर थांबले नाहीत. डब्याच्या दोन टोकांना एकाच क्षणी घडलेल्या घटना फलाटावरून एकाच क्षणी घडलेल्या नसतात, हा अवघड भाग त्यांनी दोन तास आकृत्या काढून समजावला.

पुरावाही दिला. 1964 मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत प्रकाशवेगाच्या 99.9 टक्क्यांहून अधिक वेगाने धावणाऱ्या पायॉन या अतिसूक्ष्म कणांतून निघालेल्या गॅमा किरणांचा, म्हणजे एका प्रकारच्या प्रकाशाचाच, वेग मोजला, तो नेहमीच्या प्रकाशवेगाएवढाच भरला.

तक्रार फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोच्या प्रयोगाबद्दल आहे. वाहत्या पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात पाण्याचा पूर्ण वेग मिळत नाही, जेमतेम 44 टक्के मिळतो, हे फिझोने 1851 मध्ये, म्हणजे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरील 1905 च्या लेखाच्या 54 वर्षे आधी मोजले होते. 1907 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांनी तोच आकडा वेगांच्या नव्या बेरजेतून सहज काढून दाखवला. प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या नळीत दिसणारी ही गोष्ट शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटले. टिपणेही केवळ इंग्रजीत होती. मराठी माध्यमातून आलेली मुले वर्गात रमली होती, पण घरी नेलेल्या कागदांपाशी अडली.

ज्यांना बीजगणितातले अपूर्णांक सफाईने येतात, त्यांनी पुढच्या तुकडीत जरूर बसावे, आणि फिझोसाठी पूर्ण तास आधीच मागून घ्यावा.