१९३७ चं चीन-जपान युद्ध: नानकिंगच्या तारा की टोकियोच्या?

प्रबंधासाठी अमेरिकी राजदूतांच्या तारा (टेलिग्राम) वाचायच्यात, पण आधी कुठल्या, असं मैत्रिणीनं विचारलं. दोन्ही संच ऑनलाइन, फुकट. खर्चाचा प्रश्नच नाही.

लढाईची जवळीक बघाल तर चीनची तेव्हाची राजधानी नानकिंग, तिथले राजदूत जॉन्सन. बॉम्बहल्ल्यांची खबर थेट तिथूनच. पण नोव्हेंबरात ते हान्कौला हलले, मागे राहिलेले कर्मचारी ‘पनाय’ या अमेरिकी युद्धबोटीवर चढले आणि १२ डिसेंबरला जपानी विमानांनी तीही बुडवली. सलगपणा जातो तो इथे.

टोकियोचे राजदूत ग्रू जागचे हलले नाहीत. पनायबद्दल माफी मागायला परराष्ट्रमंत्री हिरोता स्वतः त्यांच्याकडे आले. मात्र ग्रूंच्या कानावर यायचं ते बहुतेक मंत्रालयाचं म्हणणं, आणि लष्कर थोडंच मंत्रालयाला विचारून चालत होतं!

लढाई मांडायची तर जॉन्सन; जपानी सरकारची सारवासारव उलगडायची तर ग्रू.