व्हाइट नॉइझ मशीन घेऊन 9 महिने झाले, चिरंजीव दुपारी झोपतात का?

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही (लहान मूल असेल तर नसणारच), त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. मशीन (झोपेच्या वेळी सतत एकसुरी आवाज करत राहणारं) ठीक आहे, पाचपैकी साडेतीन. पण ते मुलाला झोपवत नाही. झोपलेल्याला उठू देत नाही, एवढंच त्याचं काम. हा फरक कळायला मला चार महिने लागले.

आम्ही सिंहगड रोडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, बेडरूमची खिडकी थेट रस्त्यावर. जुलैत मशीन मागवलं तेव्हा मुलगा 17 महिन्यांचा होता. दिवसाच्या दोन झोपांची नुकतीच एक झाली होती आणि तीही साहेबांना नको असायची. डोळे चोळायचे, जांभया द्यायच्या, माझ्या खांद्यावर नाक घासायचं, आणि गादीला पाठ टेकली की ताडकन उठून ‘पाणी’. पाणी झालं की ‘शू’. शू नसायचीच. मग गोधडीखाली शिरून पलीकडून बाहेर. पाऊण तास थोपटून माझाच डोळा लागायचा आणि तो माझ्या पापण्या बोटांनी उघडून आत कोण आहे ते बघायचा.

मशीन मुठीत मावेल एवढं, वर कापडी जाळी. आठ-दहा आवाज आहेत: पंखा, पाऊस, ओढा आणि नुसता खर्रर्र. ओढा लावू नका. त्यात मध्येच एक पक्षी ओरडतो, आणि रेकॉर्डिंग छोटं असल्यामुळे तोच पक्षी पुन्हा पुन्हा ओरडतो. आमचा गादीवर बोट वर करून त्याची वाट बघत बसायचा. पक्षी आला की ‘काऊ!’ आणि परत वाट. शेवटी खर्रर्रवर स्थिरावलो. सासूबाई म्हणाल्या, “अगं, टीव्हीला मुंग्या आल्या की यायचा तोच हा आवाज. पैसे देऊन आणलास होय?” तेव्हापासून घरात त्याचं नाव मुंग्या.

आता ते नक्की काय करतं. झोपेतून उठवतो तो मोठा आवाज नव्हे, शांततेत अचानक फुटणारा आवाज. खर्रर्र चालू असली की शांतता आणि कुकरची शिट्टी यांतलं अंतर कमी होतं, म्हणून शिट्टी टोचत नाही. दीडच्या सुमाराला खालून भंगारवाला जातो, रेकॉर्ड केलेला तोच आवाज, जुने फ्रीज, जुने टीव्ही. आधी त्यासरशी हमखास जाग यायची. आता दहापैकी आठ वेळा नुसती कूस बदलतो. डोअरबेल, वरच्यांची खुर्ची, कुत्री, सगळं बऱ्यापैकी झाकलं जातं. ढोलाचा सराव मात्र अजिबात नाही. गणपतीआधी रविवारी दुपारी उशिरा सराव सुरू झाला की मुंग्या गप्पच. ढोलाचा घुमारा भिंतीतून येतो आणि एवढ्याशा स्पीकरमधून तसा खालचा आवाज निघतच नाही. याला कंपनी काय करणार.

माझी एक चूक सांगते. पहिला महिनाभर मी मशीन उशाशी ठेवत होते, आवाज जवळपास पूर्ण. मग डॉक्टरांनी विचारलं, “किती लांब ठेवता?” आणि मी एक हात दाखवला. त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती बघून घरी येऊन वाचलं. 2014 साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात अशा 14 मशीनची तपासणी आली होती. पूर्ण आवाजावर आणि 30 सेंटिमीटरवर सगळीच 50 डेसिबलच्या वर गेली, तीन तर 85 च्याही वर. पुष्कळ दवाखान्यांत बाळांच्या खोलीसाठी 50 ची मर्यादा धरतात. सल्ला होता लांब ठेवा, आवाज कमी ठेवा, गरज संपली की बंद करा. तेव्हापासून मशीन समोरच्या भिंतीच्या कपाटावर, सात फुटांच्या थोडं पलीकडे, आवाज तीन काड्या. फरक काहीच पडला नाही, म्हणजे महिनाभर उगाच कानाशी ओरडत होतं.

आता खरी गंमत. पाळणाघरात हाच मुलगा साडेबाराला झोपायचा. ना मशीन, ना अंधार, शेजारी सात मुलं. ताई म्हणायच्या, “वरणभात झाला की आपणच आडवा होतो हो.” आणि शनिवार-रविवारी घरी तोच साडेबाराचा मुहूर्त, काळे पडदे (लक्ष्मी रस्त्यावरून कापड आणून शिवून घेतलेले), मुंग्या, थोपटणं, सगळा थाट, आणि तास-तास कुस्ती. मी मनात ताईंवर जळायचे.

नोव्हेंबरात एकदा कागदावर वेळा लिहिल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाळणाघराच्या दिवशी तो पावणेसातला उठतो. सुट्टीच्या दिवशी आम्हीही लोळतो, तोही साडेआठपर्यंत. म्हणजे साडेबाराला एकीकडे पावणेसहा तास जागा असलेला मुलगा आणि दुसरीकडे जेमतेम चार. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानंच पेंग येते. ते पुरेसं साचलंच नाही तर मी थोपटून थोपटून काय साचवणार? त्यात शनिवारी साडेअकराला भाजी घेऊन परत येताना कारमध्ये दहा मिनिटांची डुलकी. ती दहा मिनिटं आली की दीड तासाच्या झोपेवर पाणी. नवरा म्हणायचा, झोपलाय तर झोपू दे. म्हणायला काय जातं, दुपारी ऑफिसच्या कॉलवर तो आणि कुस्तीला मी.

मग घड्याळ सोडलं. उठल्यापासून साधारण साडेपाच तास मोजायचे, मगच पडदे. सुट्टीच्या दिवशीही साडेसातला उठवायचं (हे आम्हाला त्याच्यापेक्षा जड गेलं). कारमध्ये अकरानंतर खाऊ, गप्पा, खिडकीतल्या बस मोजणं, काहीही करून जागं ठेवायचं. आणि साडेतीनला उठवायचंच, नाहीतर रात्री अकरापर्यंत नाच. आठवड्याभरात पाऊण तासाची कुस्ती पंधरा मिनिटांवर आली. अजूनही आठवड्यातून एखादी दुपार फुकट जाते, पण मी आता तेवढी रडकुंडीला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीत 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप म्हटलंय. आमचा हिशेब जोडून अकराच्या आसपास येतो, म्हणून डॉक्टरही निवांत आहेत.

मशीनची खरी मदत इथे झाली. रोज त्याच क्रमानं वरणभात, पडदा, मुंग्या असं झाल्यामुळे आता तो स्वतःच कपाटाकडे बोट करून ‘मुंग्या’ म्हणतो. उन्हाळ्यात मात्र याची फारशी गरज नाही. आमचा जुना पंखा चारवर तेवढाच घरघरतो, आणि फुकट. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद असतो, तेव्हा मशीनचे पैसे वसूल होतात.

तक्रारी. चार्जिंगचा दिवा इतका निळा की अंधाऱ्या खोलीत छतावर चांदणं पडतं, मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. बॅटरी सुरुवातीला सात तास चालायची, आता तीनच, आणि वीज जाते तेव्हा नेमका तिचा पत्ता नसतो. कंपनीला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा ‘आपली तक्रार नोंदवली आहे’. सगळ्यात वाईट टायमर. तीस किंवा साठ मिनिटं एवढेच पर्याय, आणि वेळ झाली की आवाज हळूहळू विझत नाही, खटकन तुटतो. ती अचानक शांतताच त्याला उठवते. घेणार असाल तर न थांबणारा पर्याय आहे का, ते आधी बघून घ्या. माझ्या मशीनवर तो नाही, म्हणून पंचावन्नाव्या मिनिटाला चपला काढून आत जायचं, बटण पुन्हा दाबायचं आणि दार न वाजवता बाहेर यायचं. आत्ता बावन्न झालीत.