सिव्हिल लाइन्समधील एक अर्जलेखन केंद्र : टंकलेखन चोख, सल्ला महागात पडणारा

माझा भाचा राहत्या घरातील चोरीच्या आरोपावरून वर्धा मार्गावरील नागपूर मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी होता. त्या काळात मी आणि माझी ताई सिव्हिल लाइन्समधील ज्या अर्जलेखन केंद्राचे वर्षभर ग्राहक होतो, त्याविषयी हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण न्यायालयाच्या आसपासच्या अशा आणखी दोन दुकानांतही आम्हाला थोड्याफार फरकाने हाच अनुभव आला.

आधी चांगले सांगतो. येथील टंकलेखन स्वच्छ आहे, मराठी शुद्ध असते, प्रतिज्ञापत्र अर्ध्या तासात हातात मिळते आणि झेरॉक्सचे दर वाजवी आहेत. मालक अदबीने बोलतात; ताईला तर त्यांनी पहिल्या दिवशी बसायला खुर्ची आणि चहासुद्धा दिला.

अडचण तेथूनच सुरू होते, कारण चहासोबत सल्लाही मिळतो. मुलाकतीची, म्हणजे कैद्याच्या भेटीची, ऑनलाइन नोंदणी शासनाच्या ई-मुलाकात सेवेवर विनाशुल्क होते. येथे तिचे प्रत्येक वेळी 100 रुपये पडत. मोबाइल हाताळता न येणाऱ्या माणसासाठी कोणी तेवढी मेहनत घेत असेल, तर त्याचे पैसे घेण्याला माझी हरकत नाही. पण ‘सरकारकडून मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो मिळेपर्यंत कोर्टाच्या चार तारखा निघून जातील,’ असे सांगून त्यांनी आम्हाला खासगी वकिलाकडे वळवले, हे मात्र खटकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीत असलेली व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्यास पात्र ठरते. तिच्यासाठी दाखल्याचा प्रश्नच येत नाही.

सर्वांत मोठे नुकसान मुदतीच्या हिशेबात झाले. आरोपाची कमाल शिक्षा 7 वर्षे; त्यामुळे ‘निम्मी, म्हणजे साडेतीन वर्षे आत काढल्यावरच सुटकेचा अर्ज करता येतो,’ असे मालकांनी ठामपणे सांगितले. तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 436-अ चा नियम होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या बंद्याला एकतृतीयांश कालावधीनंतर, म्हणजे आमच्या हिशेबाने 2 वर्षे 4 महिन्यांनी, न्यायालयाने बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचे असते. मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही. भाच्यावर मात्र एकच आरोप होता. शिवाय मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांवर आहे, हेही आम्हाला दुकानात कोणी सांगितले नाही.

त्याऐवजी ‘स्थानिक जामीनदार’ मिळवून देण्याचे 5,000 रुपये सांगण्यात आले, कारण आमच्या भंडाऱ्याच्या भाऊजींचा जामीन नागपुरात चालणार नाही म्हणे. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातील आहे एवढ्याच कारणाने त्याला नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणात 1978 मध्येच स्पष्ट केले आहे. गंमत म्हणजे आम्हाला जामीनदाराची गरजच नव्हती. कलम 479 मधील एकतृतीयांश कालावधीची सुटका वैयक्तिक बंधपत्रावर होते.

हा सगळा उलगडा भाच्याला आतूनच झाला. बरॅकीतील एका जुन्या बंद्याने त्याला कारागृहातील विधी सहाय्य केंद्राकडे पाठवले, तेथून प्रकरण लोकअभिरक्षकांकडे, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत बचाव वकिलांकडे, गेले आणि अर्ज लागला. तोवर 2 वर्षे 9 महिने झाले होते.

पाचपैकी दोन तारे, तेही टंकलेखनासाठी. झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्रासाठी येथे जरूर जावे. कोणते कलम लागते, किती दिवस भरले आणि जामीनदार लागतो की नाही, हे मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर विचारावे. तेथे चहा मिळत नाही आणि रांग लागते, पण पैसे लागत नाहीत.